पिवळ्या पत्रकातलं प्रश्नचिन्ह

पत्रक मी लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर आमच्या संघटनेत "ते आपण सगळ्यांनी मिळून काढलं होतं" असं म्हणायची पद्धत पडली. सगळ्यांनी मिळून काढलं नव्हतं. वरच्या मथळ्यापासून खालच्या घोषणेपर्यंत ते मी एकटीने, आमच्या घराच्या पायरीवर बसून, मोबाइलवर लिहिलं. पिवळ्या कागदावर छापून आलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. मी ते दोनदा वाचलं. स्वतःचंच.

मथळा होता: "डॉक्टर मागितला, फोटो दिला!"

राग खरा होता, तो मी आजही मागे घेत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या तेलुगू वस्तीतल्या गल्लीत घरटी एक तरी बाई विड्या वळते. दिवसभर मांडीवर सूप, मान खाली. डोळ्यांच्या तक्रारी नाहीत असं घर नाही. आमच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर आधी आठवड्याला यायचे, मग महिन्याला, मग नुसती त्यांची पाटी उरली. आम्ही अर्ज दिले, पाटीखाली बसून राहिलो. आणि एक दिवस कळलं की डॉक्टर नाही, कॅमेरा आलाय. केस वाळवायच्या यंत्राएवढा, हातात धरायचा. सिस्टर तो डोळ्यासमोर धरणार, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो घेणार, आणि शुगरने पडदा खराब होतोय का हे मिनिटाभरात कॉम्प्युटर सांगणार. माझं डोकंच फिरलं. माणूस मागितला तर यंत्र पाठवतात! गरिबाला तपासायलासुद्धा माणूस परवडत नाही यांना!

पत्रक कसं लिहायचं हे मला आमच्या संघटनेच्या भाऊंनी शिकवलं. वाक्य छोटं ठेव. वाचणारा उभा आहे, घाईत आहे, असं समज. आणि जिथे खात्री नसेल तिथे विधान करू नको, प्रश्न विचार. प्रश्नावर कोणी खटला भरत नाही. मी चांगली विद्यार्थिनी होते. पत्रकात मध्यावर एक वाक्य आलं: "डोळ्यात झगझगीत उजेड मारून हा फोटो काढतात. त्या उजेडाने डोळा जात नाही, हे कशावरून?"

कशावरून? मला काहीही माहीत नव्हतं. हातात मोबाइल होता, त्याच मोबाइलवर बघता आलं असतं. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता, सिस्टरला विचारता आलं असतं. पण वाक्य छान बसलं होतं. पुढे प्रश्नचिन्ह होतं. मी निर्धास्त होते.

पत्रकं दुमडायला शेजारच्या ओट्यावर बायका बसल्या. विडी वळणाऱ्या बोटांपुढे कागद दुमडणं म्हणजे खेळच. मध्यभागी पेद्दम्मा. पेद्दम्मा म्हणजे तेलुगूत आईची थोरली बहीण. ती माझी रक्ताची कोणीच नाही. माझे आईवडील वैरागहून इथे राहायला आले तेव्हा मी पोटात होते, आणि बाळंतपणात मला पहिली आंघोळ हिनेच घातली, असं आई सांगते. तेव्हापासून ती माझी पेद्दम्मा आणि मी तिची बिड्डा, म्हणजे लेकरू.

"काय लिवलीस गं बिड्डा?" तिने एक पत्रक उचलून विचारलं. "वाच की."

मी उभं राहून वाचलं. सभेत वाचतात तसं, हातवारे करून. पेद्दम्माला मराठी वाचता यायचं. तेलुगू शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई, पण पेपरचे मथळे अक्षर अक्षर जोडत मोठ्याने वाचायची आणि चुकली की स्वतःच हसायची. ती कधीपासून वाचेनाशी झाली? "वाच की" असं ती का म्हणाली? मला वाटलं, माझं कौतुक आहे. डोळ्यांच्या प्रश्नावरचं पत्रक हातात घेऊन मी उभी होते आणि समोरच्या बाईला अक्षर दिसत नाही हे मला दिसलं नाही.

"कशावरून" पाशी मी आवाज चढवला. ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना मराठी फारसं कळत नाही. त्यांना पेद्दम्माच्या सुनेने तेलुगूत सांगितलं, "कन्नु पोतदंट." डोळा जातो म्हणे. प्रश्न गेला, चिन्ह गेलं, राहिलं ते एवढंच. म्हाताऱ्यांनी "अय्यो" केलं. मला तेलुगू येतं. या ओट्यावरच शिकले. सुनेने काय सांगितलं ते मी नीट ऐकलं. दुरुस्त केलं नाही. उलट बरं वाटलं. लोक दचकले, म्हणजे पत्रक लागू पडलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत तेच झालं होतं: फोटोने डोळा जातो.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात आमच्या गल्लीतलं कोणी गेलं नाही. तेव्हा सिस्टर स्वतः आल्या. भर उन्हात, डोक्यावर ओढणी, खांद्याला कॅमेऱ्याची पेटी. पेद्दम्माच्या ओट्यापाशी थांबल्या.

"मावशी, एक मिनिटाचं काम आहे. डोळ्यात थेंबसुद्धा घालणार नाही. तुमची शुगर जुनी आहे, माझ्याकडे लिहिलेलं आहे."

पेद्दम्माने हाताने माझ्याकडे दाखवलं. "हिला इचारा. आमची पुढारी हाय ती."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्हीच सांगा ना यांना."

"आधी डॉक्टर आणा."

"डॉक्टर आणणं माझ्या हातात असतं तर मी या उन्हात दारोदार फिरले असते का? फोटोत काही दिसलं तर डॉक्टरकडेच पाठवणार आहोत. यंत्र आलंय तोवर दाखवून तर घ्या."

"तुमची नोकरी आहे. तुम्ही असंच बोलणार."

बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, "दिली बग एक ठेवून." पेद्दम्माने सिस्टरना तांब्याभर पाणी दिलं, ते त्या उभ्यानेच प्यायल्या आणि गेल्या. त्या दिवशी मी खूश होऊन जेवले. हेही लिहायला हवं.

पुढचे काही महिने काय काय दिसत होतं ते आता सांगता येतं. पेद्दम्माने तेंदूची पानं कापायचं काम सुनेकडे दिलं होतं. पान पत्रीच्या, म्हणजे मापाच्या पत्र्याच्या, कडेने कापायचं तर नजर लागते. आम्हाला वाटलं, सासूबाईंचा मान वाढलाय. वळायचं काम मात्र ती करतच होती, आणि कारखान्यात तिच्या विड्यांत छाट निघत नव्हती. चेकर विड्या बघून खराब त्या बाजूला फेकतो, ती छाट. तिची छाट वाढली असती तर आम्ही दचकलो असतो. पण तिच्या बोटांना डोळ्यांची गरजच नव्हती. "डोळे मिटून वळते आमची पेद्दम्मा," असं आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो. दुसऱ्या कुठल्या कामात असती तर कधीच पकडली गेली असती.

मग एका सकाळी ती सारखं तोंडापुढून हात फिरवायला लागली. सुनेवर चिडली. "दोरा कोण सोडतंय गं माज्या तोंडावर? काळा दोरा." विडी बांधायचा दोरा कुठेतरी लोंबतोय असं तिला वाटलं. सून म्हणाली, "दोरा न्हाय, अत्ता." अत्ता म्हणजे सासूबाई. ती पुन्हा हात फिरवायची. दुपारपर्यंत दोऱ्याचं जाळं झालं आणि जाळ्याचा काळा पडदा. उजव्या डोळ्याने दिसायचं बंद झालं.

मुलगा कामावर होता. सून आणि मी तिला रिक्षातून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. उजव्या डोळ्यात आत रक्त साचलं होतं आणि पडदा ओढला गेला होता. त्याचं ऑपरेशन करून बघू, म्हणाल्या, पण नजर परत येईल असं धरून चालू नका. मग डाव्या डोळ्याचा फोटो त्यांनी कॉम्प्युटरवर आम्हाला दाखवला. पिकल्या पपईच्या रंगाचा एक गोल, त्यात लाल ठिपके आणि केसांसारख्या बारीक नसा.

"या नसा इथे असायला नकोत. त्या फुटल्या की हाही डोळा त्याच वाटेने जाणार. याच आठवड्यात लेझर सुरू करू. हे सगळं एका दिवसात होत नाही. आधी कधी फोटो काढला नव्हता का? तुमच्या भागात तर कॅमेरा फिरतोय."

सून पेद्दम्माचा पदर सारखा करायला लागली.

"लेझर म्हंजे काय?" पेद्दम्माने विचारलं.

"उजेडाचा किरण असतो आजी. तो पडद्यावर सोडतात."

पेद्दम्मा खुर्चीवरून उठली. "उजेड नको."

"का?"

"उजेडानं डोळा जातो. एक गेला की. ह्यो ऱ्हाऊ दे मला."

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून खाली बघत म्हणाली, "पत्रकात आलतं डॉक्टर. म्हनून ती घाबरती."

"कसलं पत्रक?"

"पिवळं."

सुनेने माझ्याकडे पाहिलं नाही. पेद्दम्मानेही माझं नाव घेतलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोण छापतं असलं काही, कळत नाही."

आणि मी मान हलवली. होय, कोण छापतं कळत नाही, अशी मान हलवली मी. मी बोलायला कधी घाबरत नाही. अधिकाऱ्याच्या टेबलावर हात आपटलेत मी. त्या खोलीत मला एक वाक्य बोलायचं होतं आणि ते आलं नाही. आम्ही लेझर न करताच घरी आलो.

दोन दिवस गेले. आठवड्यातले दोन. मी संघटनेच्या कामाला जाते म्हणून बाहेर पडायचे आणि नुसती फिरायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर गेले. पेद्दम्मा भिंतीला टेकून वळत होती, सून पानं कापत होती, शेजारच्या दोघीजणी होत्या. मला एकटीला गाठून सांगायचं होतं. मग वाटलं, वाचलं चारचौघींत होतं, तर हेही चारचौघींत.

"पेद्दम्मा, ते उजेडाचं मी मनाने लिहिलं होतं."

"मनानं म्हंजे?"

"मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं. खोटं होतं ते."

तिची बोटं थांबली नाहीत. "छापलं हुतंस की."

"छापलेलंही खोटं असतं."

"खाली तुमचा शिक्का हुता."

"मी प्रश्न विचारला होता पेद्दम्मा. 'कशावरून' असं लिहिलं होतं."

आता सून बोलली. कात्री खाली ठेवली तिने. "ते 'कशावरून' आमच्यात कसं म्हनायचं ते तवाच सांगायचं हुतंस की. मी काय सांगितलं ते तू ऐकलीस. तुला काय तेलुगू येत न्हाय?"

"ऐकलं मी."

"मग?"

मग काय. "बरं वाटलं मला," मी म्हणाले. "तुम्ही घाबरलात ते."

शेजारची एक बाई पुटपुटली, "पुढारी!" आणि पुन्हा विडी वळायला लागली. पेद्दम्माने हातातली विडी पुरी केली, तोंड दुमडून सुपात ठेवली.

"आन् आता लेझर चांगला म्हनतीस," ती म्हणाली. "ते तरी कशावरून?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या शब्दावर तिने एक डोळा सोडून दिला होता, दुसरा सोडायच्या आधी ती विचारत होती. आणि माझ्याकडे द्यायला शब्दाशिवाय काही नव्हतं. म्हणून मी उठले आणि दवाखान्यात गेले.

सिस्टरना सगळं सांगितलं. त्या मला चार शब्द सुनावतील असं वाटलं होतं, सुनावायला हवे होते. त्यांनी डबा झाकला, पेटी उचलली आणि म्हणाल्या, "चला. पण आधी तुम्ही बसायचं कॅमेऱ्यापुढे."

पेद्दम्माच्या घरात अंधारासाठी खिडकी लावून मला पाटावर बसवलं. पेद्दम्मा गुडघ्याला गुडघा लावून समोर. कॅमेरा डोळ्याजवळ आला, एक लखकन उजेड, मग थोडा वेळ जांभळा-हिरवा डाग, मग सगळं पहिल्यासारखं. पेद्दम्माने लगेच माझ्या तोंडापुढे बोटं धरली.

"किती?"

"तीन."

"आता?"

"एक. ते पण वाकडं धरलंयस."

"बगितलं का गं?" तिने सुनेला विचारलं. "खरं सांगती का?"

"खरं सांगती," सून म्हणाली. "एवढ्यापुरतं तरी."

त्यावर सिस्टर हसल्या. पेद्दम्माही हसली. मी हसू शकले नाही. सिस्टरनी तिला लेझर समजावून सांगितला: हा उजेड तसा नाही, जरा टोचतो, नको तिथल्या नसा वाढू नयेत म्हणून आहे, गेलेली नजर आणत नाही, आहे ती राखतो. मी ऐकत होते. किती साधं होतं! उन्हात उभ्या असताना हेच सांगायला आल्या होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "ते पत्रक माझं होतं." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "स्टूल ओढा आणि त्यांचा हात धरा," म्हणाल्या. "हलू देऊ नका." प्रत्येक ठिणगीला पेद्दम्माचा हात माझ्या हातात आवळत होता. विडी वळणारी बोटं किती जोराने दाबू शकतात ते मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, अजून दाब.

लेझर तीन-चार वेळा झाला. डावा डोळा राहिला. उजव्याचं ऑपरेशनही झालं, पण त्यात आता फक्त दिवस आहे की रात्र एवढंच कळतं. दर काही महिन्यांनी सिस्टर आमच्याच दवाखान्यात तिच्या डाव्या डोळ्याचा फोटो घेतात आणि तो कॉम्प्युटरवरून मोठ्या दवाखान्यात जातो. डॉक्टरीणबाई तिथून बघून सांगतात. सुनेचा खाडा होत नाही, मुलाची पाळी बुडत नाही. जे यंत्र डॉक्टरच्या जागी आणलं म्हणून मी बोंब मारली, ते पेद्दम्माला डॉक्टरपाशी नेऊन पोचवतंय.

भाऊंना मी म्हटलं, दुसरं पत्रक काढू या, चूक झाली म्हणून. भाऊ वाईट नाहीत. पण म्हणाले, "मागणी बरोबर होती. एक तपशील चुकला. तेवढ्यासाठी शिक्का मारून कबुली दिली तर उद्या आपल्या कुठल्याच कागदाला किंमत राहणार नाही."

"तपशील शेजारी राहतो माझ्या," मी म्हणाले.

पत्रक निघालं नाही. मी घरोघर गेले, तोंडाने सांगितलं. हे काम पत्रकासारखं नसतं. पत्रक टाकून पुढे जाता येतं. तोंडाने सांगायचं तर समोरच्याचं ऐकावं लागतं. कोणी दार लावून घेतलं. एकीने चहा दिला आणि विचारलं, "तू म्हनलीस म्हनून तवा गेलो न्हाय. तू म्हनतीस म्हनून आता जायचं. उद्या काय म्हनशील?" मी म्हटलं, "मला विचारूच नका, सिस्टरना विचारा." तरीही पुढच्या तपासणीला बायका गेल्या. माझ्यामुळे नाही, पेद्दम्माच्या उजव्या डोळ्याकडे बघून गेल्या. त्यातल्या काहींच्या हातात कॅमेऱ्याने चिठ्ठी दिली: डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. त्या चिठ्ठ्या घेऊन आम्ही आरोग्य खात्याच्या साहेबांच्या टेबलापुढे उभे राहिलो. दाखवावे म्हणता, तर कोणाला? पाटीला? आता महिन्यातून दोनदा डॉक्टर येतात. अजून पुरेसं नाही, भांडण चालू आहे. पण हेच भांडण मला पहिल्याच वेळी करता आलं असतं. कॅमेरा येऊ द्यायचा, चिठ्ठ्या निघू द्यायच्या, आणि त्या हातात घेऊन डॉक्टर मागायचा. मला सुचलं नाही, कारण तोपर्यंत मथळा सुचला होता.

पेद्दम्माने मला एकदाही दोष दिला नाही. कोणी विचारलं तर सांगते, "शुगरनं गेला." ते खरंही आहे. तपासणीच्या त्या दिवशी फोटो निघाला असता तर उजवा डोळा नक्की वाचला असता का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बरीच शक्यता होती. नक्की सांगता येत नाही." त्या 'नक्की नाही'मध्ये मला शिरून बसता येईल, हे माझ्या लक्षात आलं आहे. मी तसं करायचं नाही असं ठरवलं आहे. काही दिवशी जमतं.

अजूनही संध्याकाळी मी तिच्या ओट्यावर जाते. मध्यंतरी माझ्या ध्यानात आलं की मी दर वेळी तिच्या उजव्या हाताला बसते. ठरवून नाही. पाय आपोआप तिकडे वळतात. तिथून मी तिला दिसत नाही, नुसता माझा आवाज येतो. परवा बोलता बोलता ती माझ्याकडे बघायला सगळी मान फिरवत होती, पुन्हा सुपाकडे, पुन्हा माझ्याकडे. शेवटी वैतागली.

"एमे बिड्डा, तितं कोपऱ्यात काय बसतीस?" म्हणाली. "समोर ये की. मान दुखती माजी."